मुख्य न नेमलेलं जाळं

ओरुरो, ४ मार्च २०१७

कोम्पाद्रे अब्दोन,

हे पत्र बसच्या पार्सलखिडकीतून पाठवते आहे. इस्पितळाची ईमेल आता तुमची कंपनी सांभाळते आणि तुमच्या कंपनीवरचा माझा विश्वास उडाला आहे. तुमच्यावरचा नाही. माझ्या येसेनियाचे पहिले केस तुम्ही कापलेत, म्हणून तर आपण कोम्पाद्रे आणि कोमाद्रे झालो. ज्याच्या हाती मी कात्री आणि मुलीचं डोकं दिलं, त्याच्यापाशी मन मोकळं करायचं नाही तर कुणापाशी करायचं?

मला घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत इस्पितळात पाऊल टाकायचं नाही. कारण काय, तर म्हणे मी दारूच्या नशेत मुख्य स्विचवर दारू ओतली आणि सगळं नेटवर्क बंद पाडलं. ही कुजबूज नव्हे, दारातल्या फळ्यावर संचालक अरामायोंच्या सहीची चिठ्ठी लागली आहे. नेटवर्क विभागप्रमुख इंजिनियर नेल्वा कालिसाया, असं पूर्ण नाव घालून. रुग्णांचे नातेवाईक तिथेच रांगेत उभे राहतात. दुसरं वाचायला त्यांना तिथे काही नाही.

झालं काय ते ऐका. कार्निव्हलच्या शुक्रवारी आपण सगळे करतो तशी यंत्रांची पूजा, चाल्या केली. एक्सरेवाल्यांनी आपल्या यंत्राची केली, धुलाईघराने आपल्या, रुग्णवाहिकेच्या चालकांनी तर टायरांना बिअर पाजली. मी तळघरात आपल्या स्विचच्या कपाटाला कागदी फिती बांधल्या, पिवळ्या पाकळ्या टाकल्या आणि धरणीमाय पाचामामासाठी जमिनीवर सिंगानी दारूचे चार थेंब शिंपडले. जमिनीवर, कोम्पाद्रे, कपाटापासून चांगलं हातभर लांब. विजेच्या वस्तूवर ओलं टाकण्याइतकी मी अजून खुळी झालेले नाही. एक घोट मी घेतला, हे खरं. ओरुरोत त्या दिवशी कोण घेत नाही? अरामायोंनी दोन घेतले आणि तिसऱ्यासाठी पेला पुढे केला.

मग दरवर्षीप्रमाणे आजोबांना जागं केलं. आजोबा तुम्हाला आठवत असतील, इस्पितळात आलेला पहिला स्विच. शिकाऊ म्हणून आलो तेव्हा आपण दोघांनी मिळून बसवलेला. प्रयोगशाळा आणि आपत्कालीन विभागाच्या मधल्या भिंतीवर तो अजून आहे, त्याच्या दोन्ही तारा दोन्हीकडे गेलेल्या. एरवी तो बंद असतो. पण विझलेल्या यंत्राची चाल्या कशी करणार? दिवे लुकलुकले पाहिजेत. म्हणून फिती उतरवायच्या रविवारपर्यंत आम्ही त्याला चालू ठेवतो. घरातल्या वडीलधाऱ्याला सणाला कोपऱ्यात बसवून ठेवत नाहीत, एवढंच.

इतकी वर्षं त्याने कधी कुणाला त्रास दिला नाही, कारण मुख्य कोण हे मी ठरवून ठेवलं होतं. तुम्हाला हे सांगायला नको. पण तुमच्या कंपनीच्या त्या ग्रोव्हर उस्तारिसला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहिते. स्विच एकमेकांना वेटोळ्यात जोडलेले असले की संदेश त्यात गरागरा फिरत राहतील. ते होऊ नये म्हणून स्विच आपसांत एक मुख्य निवडतात. त्याच्याकडे जाणारे रस्ते उघडे ठेवतात आणि जादाचे बंद करतात. ज्याचा प्रायॉरिटीचा आकडा सगळ्यांत लहान, तो मुख्य. मी तळघरातल्या मोठ्या स्विचचा आकडा लहान करून ठेवला होता. पण सगळ्यांचे आकडे कारखान्यातून आले तसे सारखेच राहिले, तर ज्याचा जन्मजात पत्ता लहान त्याची निवड होते. आणि जुन्या यंत्राचा पत्ता बहुधा लहानच असतो. म्हणजे कुणी लक्ष घातलं नाही, तर घरात जे सगळ्यांत म्हातारं आणि सगळ्यांत हळू, त्याच्याच हाती कारभार जातो.

सुट्ट्यांत कुणाला काही कळलं नाही. मी मिरवणुकीत मोरेनादा नाचले आणि गुरुवारपर्यंत रजेवर होते. बुधवारी सगळे विभाग उघडले आणि जाळं गोगलगाईसारखं चालू लागलं. दोन्या सेवेरिना नावाच्या बाईंना रक्ताच्या उलट्या होत होत्या. त्यांच्या रक्ताचा अहवाल प्रयोगशाळेत तयार होता, पण आपत्कालीन विभागाच्या पडद्यावर उमटत नव्हता. शेवटी एक नर्स कागद घेऊन धावली. बाई वाचल्या, पण थोडक्यात.

संध्याकाळी तुमचा ग्रोव्हर कोचाबांबाहून आला. त्याने फिती पाहिल्या, सिंगानीचा वास घेतला आणि त्याला गुन्हेगार सापडला. आजोबांना उपटून बाजूला टाकलं, मोठा स्विच फडक्याने पुसला, आणि जाळं धावू लागलं. म्हणे, आत दारू गेली होती. अहो, आजोबा बाजूला झाल्यावर ते धावणारच होतं.

मला एकच हवंय. जानेवारीत तुमच्या कंपनीने माझ्याकडून सगळे पासवर्ड काढून घेतले. त्यानंतर मोठ्या स्विचला कुणी हात लावला, एवढं मला आतून विचारून सांगा. चौकशी महिन्याच्या अखेरीला आहे.

तुमची कोमाद्रे,
नेल्वा


कोचाबांबा, ११ मार्च

कोमाद्रे नेल्वा,

पत्र वाचून मन खट्टू झालं. तुमच्यासारखीवर ही वेळ यावी, हे बरं झालं नाही. पण रागाच्या भरात काही करू नका. तुमचा राग मला कॉलेजपासून ठाऊक आहे. परीक्षेत अर्धा गुण कमी दिला म्हणून तुम्ही प्राध्यापकांच्या घरी गेला होतात.

मी इथे दोघांतिघांशी बोललो. कंपनीला हे ताणायचं नाहीये. तुम्ही एवढंच लिहून द्या की चाल्याच्या वेळी अनवधानाने थोडं सांडलं असेल. ‘असेल’ म्हणा, ‘सांडलं’ म्हणू नका. कंपनी म्हणेल, चालायचंच, अपघात आहे. महिन्याभरात सगळे विसरतील. तुमची खुर्ची कुठे जात नाही. मुख्य कोण आणि आकडा कुणाचा लहान, हे त्या चौकशीच्या टेबलावर कुणाला कळणार आहे? तुम्ही बोलत राहाल आणि ते घड्याळाकडे बघत राहतील.

आणि खरं सांगायचं तर यात दोष तरी कुणाचा काढणार? नवी आवृत्ती चढवली की यंत्र कधी कधी कारखान्यातून आल्यासारखं होऊन बसतं. जगभर हजारो जाळी आपला मुख्य आपणच निवडतात आणि चालतात. काळ बदललाय, कोमाद्रे. यंत्रांच्या खोलीत बाटली नेणं आता शोभत नाही, हे मात्र तुमचा भाऊ म्हणून सांगतो.

येसेनियासाठी पार्सलमध्ये चिरिमोया ठेवल्या आहेत. दोन दिवस थांबा, मऊ झाल्या की मगच कापा.

अब्दोन


ओरुरो, १५ मार्च

कोम्पाद्रे,

चिरिमोया मिळाल्या. येसेनियाने खाल्ल्या. माझ्या घशाखाली उतरल्या नाहीत.

तुमचं पत्र मी आधी रडत वाचलं आणि मग संतापून वाचलं. दुसऱ्या वेळी नीट वाचलं. नवी आवृत्ती, असं लिहिलंय तुम्ही. मी माझ्या पत्रात नव्या आवृत्तीचं नावही काढलं नव्हतं. मला ती चढवली हेच माहीत नव्हतं. ग्रोव्हर त्याबद्दल कुणाजवळ बोललेला नाही. फळ्यावरच्या चिठ्ठीत तर फक्त माझी बाटली आहे. मग तुम्हाला कुठून कळलं? आतून कुणी सांगितलं असेल, तर त्याचं नाव सांगा. कुणी सांगितलं नसेल, तर ती चढवणारा तुमच्या ओळखीचा आहे. मी पुढचं लिहीत नाही. लिहिण्याचं धाडस होत नाही म्हणून नव्हे. ते तुमच्याकडून ऐकायचंय म्हणून.

‘अनवधानाने सांडलं असेल’ असं मी लिहून देणार नाही. खुर्चीचं मला काही वाटत नाही, खुर्च्या खूप आहेत. दोन्या सेवेरिनाची मुलगी फेलिसा बाजारात मक्याची गरम आपी विकते. परवा येसेनियाला घेऊन मी तिच्या टपरीवरून जात होते, तर तिने हातातला डाव खाली ठेवला आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाली, “ही बघा, ही. माझी आई रक्त ओकत होती तेव्हा ही पिऊन नाचत होती.” पोरीने माझा हात घट्ट धरला. मी उभी राहून समजावायला गेले की स्विचचा मुख्य बदलला होता. बाजूची मटण विकणारी हसली. म्हणाली, दारुड्यांना नेहमी असंच काहीतरी आठवतं.

कुणाला काय सांगू? खरं तर मी नाचत होते. खरं तर एक घोट घेतला होता. पण तिची आई माझ्या घोटाने मरायला टेकली नव्हती, आणि हे सांगणारं कुणी नाही.

अरामायोंनी वर नवा हुकूम काढलाय. यापुढे इस्पितळात कुठेच चाल्या करायची नाही. अडाणी रिवाजांना शास्त्राच्या जागेत थारा नाही, असं त्यात आहे. ज्याने तिसऱ्या घोटासाठी पेला पुढे केला, त्याने हे लिहावं. धुलाईघरातल्या बायका रस्त्यात मला बघून रडल्या. त्यांना वाटतं, माझ्यामुळे त्यांचा सण गेला.

सरळ विचारते. मोठ्या स्विचवर नवी आवृत्ती कुणी चढवली? आणि चढवल्यावर मी लावलेला आकडा परत घालायचं कुणी विसरलं? दोन शब्दांचं उत्तर आहे, नाव आणि आडनाव.

नेल्वा


कोचाबांबा, २२ मार्च

आदरणीय इंजिनियर कालिसाया,

चौकशी चालू असेपर्यंत इस्पितळाच्या कामाबद्दल बाहेर कुणाशीही बोलू नये, अशी कंपनीची सूचना आहे. ती मला पाळावी लागेल. माझ्याही घरी दोन मुलं आहेत. आपण समजून घ्याल.

अ. तेर्रासास


ओरुरो, ३१ मार्च

इंजिनियर तेर्रासास,

चौकशी काल झाली. तुमच्या कंपनीने तुमचं नाव स्वतःहून दिलं. मला ते काढावं लागलं नाही. त्यासाठी तुम्ही बसून राहिलात ना, मालक सांभाळून घेतील म्हणून? किती सांभाळलं ते ऐका.

टेबलापलीकडे अरामायो, एक वकील आणि प्रयोगशाळेचे प्रमुख. अलीकडे मी, ग्रोव्हर आणि परिचारिकांच्या प्रमुख ओब्दुलिया. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्या आपल्या येऊन बसल्या. म्हणाल्या, कागद घेऊन माझी नर्स धावली होती, मला ऐकायचंय.

वकिलाने विचारलं, बाटली नेली होतीत का? नेली होती, म्हटलं. घोट घेतलात का? घेतला. त्याने वही मिटली. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, सगळे घड्याळाकडे बघू लागले. तेव्हा मी म्हटलं, माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. आजोबांना परत जोडा. त्यांना पुसा, वास घ्या, हवं तर चाटून बघा. एक थेंब दारू नसताना जाळं बसलं, तर दोष दारूचा नाही.

अरामायो नाही म्हणाले. चालत्या इस्पितळाशी खेळ नको. ओब्दुलिया म्हणाल्या, “डॉक्टर, खेळ बुधवारी झाला, आम्हाला न विचारता झाला. आज निदान माझ्या नर्सा कागद घेऊन उभ्या राहतील.” मग ते कसेबसे हो म्हणाले.

दुपारी, ओपीडी संपल्यावर, दर दारात एक नर्स उभी करून आम्ही ते केलं. आजोबांना मी स्वतः जोडलं. ग्रोव्हरने सीटी स्कॅनचे फोटो आपत्कालीन विभागातून तळघराकडे पाठवले. एरवी डोळ्याचं पातं लवेपर्यंत जातात. ओब्दुलियांचा कोकाचा काढा पिऊन झाला, पेला धुऊन झाला, तरी अर्धेच गेले होते. तळघराचा सरळ रस्ता बंद पडला होता आणि सगळा माल आजोबांच्या बारीक तारेतून वाहत होता. मी पडद्यावर दाखवलं, बघा, आत्ता मुख्य कोण आहे. तिथे आजोबांचा पत्ता होता. मोठ्या स्विचचा आकडा सगळ्यांसारखाच, कारखान्यातून आला तसा.

मग ग्रोव्हरला पासवर्ड टाकायला लावला आणि हुकमाची एक ओळ लिहिली. मोठा स्विच मुख्य. आजोबा तिथेच होते, दिवे लुकलुकत होते, आणि उरलेले फोटो भर्रकन निघून गेले. दुसऱ्या ओळीने त्यांच्या दोन्ही तारांवर पहारा बसवला. इथून पुढे त्यांच्या बाजूने कुणी मुख्यपणा मागितला, तर तेवढं दार आपोआप बंद होईल. हे मी आधीच करायला हवं होतं. आणि या वर्षी मुख्य कोण हे बघायची सोय नसताना मी आजोबांना जोडायला नको होतं. तेही मी टेबलावर सांगितलं. मला जे माझं आहे ते माझ्या नावावर चालतं.

तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी ग्रोव्हरला विचारलं, आकडा कुणी पुसला? त्याने फोन लावला, दारात जाऊन बोलला आणि परत येऊन म्हणाला, कंपनीचा यात संबंध नाही, ती एका कर्मचाऱ्याची वैयक्तिक चूक आहे. इंजिनियर अब्दोन तेर्रासास, कोचाबांबातून, जानेवारीत. तुमचं नाव त्याने असं घेतलं, जसं कुणी पायताणाला लागलेलं पुसतं.

चूक कुणाकडून होत नाही? नवी आवृत्ती चढवताना ओळ राहून गेली, मी तुम्हाला त्याच दिवशी माफ केलं असतं. फोनवर म्हणाला असतात, ‘कोमाद्रे, माझ्याकडून राहिलं,’ तर आपण हसलो असतो. पण तुम्ही मला लिहिलंत, ‘असेल’ म्हणा. तुमची विसरलेली ओळ माझ्या तोंडात दारूचा वास म्हणून घालत होतात, आणि वर काळ बदललाय म्हणून मलाच शहाणपण शिकवत होतात. हे मी माफ करत नाही.

सोमवारपासून कामावर या, असं अरामायोंनी सांगितलं. फळ्यावरची चिठ्ठी? ती पडेल आपोआप, म्हणाले. दुसरी लावा, खरं काय ते लिहा, म्हटलं. इस्पितळाची शोभा होईल, म्हणाले. माझी झाली तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी मी फेलिसाकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “डॉक्टर आणि इंजिनियर तुम्ही सगळे एकमेकांचे. तुम्हीच तुम्हाला सोडून दिलंत, दुसरं काय.”

म्हणजे खुर्ची मिळाली, नाव नाही.

इंजिनियर नेल्वा कालिसाया


ओरुरो, १८ एप्रिल

कोम्पाद्रे,

तुमच्याकडून पत्र आलं नाही. परवा ईस्टरच्या संध्याकाळी दार वाजलं, उघडलं तर फेलिसा. बरोबर तिची आई, शालीत गुंडाळलेली, पायऱ्यांनी धापा टाकत असलेली. मला वाटलं, आता घरात येऊन भांडणार.

फेलिसा बसली नाही. उभ्यानेच म्हणाली की गुरुवारी, पवित्र आठवड्याच्या ऐन गर्दीत, एक माणूस तिच्या टपरीपुढे आला. आपी मागितली नाही. टोपी काढली आणि म्हणाला, मी अब्दोन तेर्रासास. ती प्यायलेली नव्हती. तिने यंत्रांचा मुख्य नेमून ठेवला होता, तो मी पुसला आणि परत नेमायला विसरलो. तुमच्या आईचा कागद माझ्यामुळे अडकला. आणि तिच्यावर आळ आला तेव्हा मला माहीत होतं, तरी मी गप्प बसलो. फेलिसाने विचारलं, तुला कंपनीने पाठवलं का? तुम्ही म्हणालात, कंपनीने मला काढलंय. तुम्ही मटणवालीलाही तेच सांगितलंत, आणि पलीकडच्या बटाटेवालीला, आणि ओळीच्या टोकापर्यंत, एकेका टपरीपुढे थांबून. फेलिसा म्हणाली, “मी त्याला खूप शिव्या घातल्या. ओळीतल्या सगळ्यांनी घातल्या. तो जागचा हलला नाही. मग थंडीने थरथरायला लागला, म्हणून आपी दिली. पैसे घेतले हं. फुकट नाही दिली.”

मग मला म्हणाली, “तुम्हालाही एक सांगते. तो पुसून बसला, आणि तुम्ही न बघता जोडलंत. दोघं शिकलेले, आणि माझी आई मधल्या तारेत.” मी मान डोलावली. तिचं खरं होतं. दोन्या सेवेरिना मात्र येसेनियाकडे बघत होत्या. केस छान आहेत पोरीचे, म्हणाल्या.

माझा राग गेलेला नाही, हे तुम्हाला कळायला हवं. तुम्ही हे मार्चमध्ये केलं असतंत तर माझ्या लेकीने बाजारात तसा हात धरला नसता. आणि अरामायोंनी अजून काही केलेलं नाही. चिठ्ठी अजून लटकते आहे. सोमवारी धुलाईघरातल्या बायका, रुग्णवाहिकेचे चालक आणि ओब्दुलिया मिळून त्यांच्या दाराशी बसणार आहेत. त्यांनीच लावली, त्यांनीच सगळ्यांसमोर काढायची, आणि चाल्याचा हुकूमही. मीही बसणार आहे. तुम्ही यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आज सकाळी मी बाजारातून कामाला गेले. मुद्दाम तीच ओळ धरली. फेलिसा डाव ढवळत होती, मटणवाली सुरी घासत होती. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, कुणी काही बोललं नाही. इतर कुणी बाई जावी तशी मी त्या ओळीतून गेले. इस्पितळात पोचले, तळघराचं दार लावून घेतलं आणि पोटभर रडले.

तुमची कोमाद्रे,
नेल्वा